गोचिडीच्या अंड्यापर्यंत पोचलेला डॉक्टर : हॉवर्ड टेलर रिकेट्स



थोर शास्त्रज्ञाचं चरित्र लिहायला सांगितलं की वर्गातून ठरावीक चार-पाच नावं येतात. न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी आणि आपले रामन. या वेळी जरा वेगळं नाव घेऊ या. हे नाव जगभरचे डॉक्टर रोज घेतात, पण त्यामागचा माणूस फारसा कुणाला आठवत नाही. जंतूंच्या एका गटाला रिकेट्सिया म्हणतात. तो ज्यांच्या नावावरून आला ते हॉवर्ड टेलर रिकेट्स.

आता हा माणूस अमेरिकेतला, शंभर वर्षांपूर्वीचा, त्याचा आपल्याशी काय संबंध? २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात 'स्क्रब टायफस'चे रुग्ण सापडले, काही दगावलेही. तेव्हा पालकांच्या तोंडी एकच प्रश्न होता : उंदरावरचा, डोळ्याला धड न दिसणारा किडा चावून माणूस मरतो कसा? या प्रश्नाचं उत्तर ज्या वाटेने सापडलं, ती वाट रिकेट्स यांनी पाडली. त्यांचं काम गोचिडीवर होतं. गोचीड आणि उंदरावरचा तो किडा हे एकाच कुळातले. दोघंही कोळ्याचे भाऊबंद. मोठेपणी पाय आठ, आणि अंड्यातून नुकतं बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र सहाच. मुलांना विचारून बघा, कीटकाचे पाय सहा आणि कोळ्याचे आठ हे त्यांना पाठ असतं, पण हा सहाचे आठ होणारा प्रकार ऐकला की ती खूश होतात.

जन्म आणि शिक्षण

रिकेट्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७१ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात फिंडली या गावी झाला. नेब्रास्का विद्यापीठातून १८९४ मध्ये ते पदवीधर झाले. प्राणिशास्त्राची गोडी तिथलीच. मधल्या काळात, १८९३ ला, अमेरिकेत मोठी आर्थिक मंदी आली आणि तिचा फटका घरालाही बसला. त्यामुळे शिकागोला वैद्यकीय शिक्षण घेताना खर्चाची जुळवाजुळव त्यांची त्यांनाच करावी लागली. अभ्यास आणि पोटापाण्याचं काम, दोन्ही एकदम. शेवटी अतिश्रमाने ते एकदा कोलमडलेही. तरी १८९७ मध्ये डॉक्टर झाले.

पुढची काही वर्षं थोडक्यात सांगतो. शिकागोच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात उमेदवारी केली, मग त्वचेच्या एका बुरशीजन्य रोगावर संशोधन केलं. १९०० मध्ये मायरा टब्स यांच्याशी लग्न झालं. त्यानंतर युरोपात बर्लिन, पॅरिस असा प्रवास करून तिथल्या प्रयोगशाळा पाहिल्या. परत आल्यावर १९०२ पासून शिकागो विद्यापीठात विकृतिशास्त्र शिकवू लागले. म्हणजे वयाच्या पस्तिशीपर्यंतचं आयुष्य एका कष्टाळू, हुशार प्राध्यापकाचं. त्यात निबंधात घालण्यासारखं फार काही नाही. खरी गोष्ट पुढे आहे.

बिटररूटची दरी

अमेरिकेच्या वायव्येला मोंटाना राज्य आहे. तिथे रॉकी पर्वताच्या कुशीत बिटररूट नावाची दरी आहे. मधून नदी वाहते, दोन्ही बाजूंना डोंगर, जंगल, कुरणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे वस्ती वाढत होती, लाकूडतोड जोरात होती, सफरचंदाच्या बागा लागत होत्या. आणि दर वर्षी बर्फ वितळलं, हिरवळ फुटली की माणसं आजारी पडायची. जोराचा ताप, डोकं फुटेल अशी वेदना, आणि मनगटं-घोट्यांपासून सुरू होऊन अंगभर पसरणारे लालसर-काळसर ठिपके. म्हणून नाव पडलं ठिपक्यांचा ताप. या दरीत आजारी पडलेल्या दहांपैकी सात-आठ माणसं मरत. शेजारच्या आयडाहो राज्यातही हाच ताप होता, पण तिथे शंभरात जेमतेम पाच दगावत.

आणखी एक विचित्र गोष्ट होती. रोग नदीच्या पश्चिम काठाला होता, पूर्वेला जवळपास नाही. तीच हवा, तेच लोक, तेच अन्न. लोक म्हणायचे, पश्चिमेच्या डोंगरातलं वितळलेल्या बर्फाचं पाणी प्यायल्याने हे होतं. हसू नका. साथीचं कारण पाण्यात शोधणं त्या काळी अगदी शहाणपणाचं होतं, कॉलरा पाण्यातूनच पसरतो हे तेव्हा सिद्ध झालेलं होतं.

रिकेट्स येण्याआधी दोन संशोधक, विल्सन आणि चाउनिंग, १९०२ मध्ये तिथे येऊन गेले होते. रोग जमिनीत बिळं करून राहणाऱ्या खारींमध्ये असतो आणि गोचीड तो माणसापर्यंत आणते, असं त्यांनी मांडलं. कल्पना चांगली होती. पण रोगाचा जंतू म्हणून रक्तातला जो परजीवी त्यांनी दाखवला, तो दुसऱ्या तज्ज्ञाला सापडेना. मग परजीवीबरोबर गोचिडीची कल्पनाही मोडीत निघाली. आपल्याकडेही असं होतं ना? गणितात एक पायरी चुकली की उरलेल्या बरोबर पायऱ्यांवरही काट मारली जाते.

१९०६ च्या वसंतात रिकेट्स या भागातल्या मिझूला गावी पोचले. रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून काम सुरू केलं. सोबत गिनीपिगांचे पिंजरे आणि काही माकडं.

एक गोचीड आणि दोन गिनीपिग

हा भाग वर्गात सावकाश सांगावा असं मला वाटतं, कारण प्रयोग म्हणजे काय हे यातून फार स्वच्छ कळतं.

पहिला प्रश्न : हा रोग कुठल्या प्राण्याला होतो का? रुग्णाचं थोडं रक्त गिनीपिगला टोचलं. गिनीपिगला ताप आला. त्याचं रक्त दुसऱ्याला टोचलं, त्यालाही आला. म्हणजे आता रोग माणसाबाहेर हातात आला. रुग्ण मिळण्याची वाट बघत बसायला नको.

दुसरा प्रश्न : रक्त टोचून रोग होतो, पण रानात कुणी सुई घेऊन बसलेलं नाही. मग? त्यांनी एक गोचीड घेतली, आजारी गिनीपिगच्या कानाच्या मुळाशी लावली, तिला रक्त पिऊ दिलं. मग काढून दोन दिवस डबीत ठेवली. त्यानंतर तीच गोचीड निरोगी गिनीपिगच्या कानाशी लावली. थोड्या दिवसांत तोही तापाने पडला. आणि नुसत्या सहवासाने असं होतं का, हे बघायला आजारी जनावराजवळ ठेवलेले पण गोचीड न चावलेले गिनीपिग ठणठणीत राहिले. हा शेवटचा भाग मुलं हमखास विसरतात. तो नसता तर आधीचं सगळं फुकट होतं. त्याच सुमारास सरकारी आरोग्य सेवेतल्या किंग या डॉक्टरनेही स्वतंत्रपणे हेच दाखवलं, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

एखादा पालक विचारेल, त्या मुक्या जनावरांचं काय? प्रश्न रास्त आहे. मुलांनी विचारला तर टाळू नये. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता आणि या प्रयोगांत शेकडो गिनीपिग मेले, हे दोन्ही खरं आहे.

आता लोकांचा आक्षेप. आम्हाला जन्मभर गोचिडी चावतात, आम्ही मेलो का? रिकेट्स यांनी त्याचंही उत्तर शोधलं. पुढच्या हंगामात रानातून गोचिडी गोळा करून त्या गिनीपिगांना लावल्या. बहुतेक निरुपद्रवी निघाल्या, रोग असलेल्या अगदी मोजक्या. म्हणजे चावणारी प्रत्येक गोचीड रोग देत नाही. पण कुठली देईल ते बघून कळत नाही.

जमिनीच्या व्यवहारात असलेल्यांना हे सगळं मुळीच आवडलं नाही. दरीचं नाव खराब झालं तर बागांचे प्लॉट घेणार कोण? रोगाची बातमी दाबावी असं वाटणारी माणसं प्रत्येक काळात असतात, तशी तिथेही होती.

खार, उंदीर आणि अंडी

माझ्या मते रिकेट्स यांचं सगळ्यात मोठं काम पुढचं आहे, आणि तेच कमी सांगितलं जातं.

गोचीड चावून रोग होतो हे ठरलं. पण गोचिडीला रोग कुठून मिळतो? माणसाकडून म्हणावं तर माणसं आजारी पडतात थोडी, ती अंथरुणात असतात, आणि हिवाळ्यात तर रोग नाहीसाच होतो. तरी पुढच्या वसंतात तो हजर.

यासाठी गोचिडीचं आयुष्य समजून घ्यावं लागतं. आपल्या गावाकडच्या मुलांना बैलाच्या कानातली, कुत्र्याच्या मानेवरची टपोरी गोचीड माहीत असते. ती झाली पोट भरलेली मादी. ती जनावरावरून गळून पडते, जमिनीत हजारो अंडी घालते आणि मरते. बिटररूटच्या रानगोचिडीत अंड्यातून निघालेलं सहा पायांचं पिल्लू खसखशीएवढंही नसतं. ते गवतातून जाणाऱ्या उंदराला, पट्टेवाल्या लहान खारीला, बिळातल्या खारीला चिकटतं. रक्त पितं, गळून पडतं, कात टाकतं. आता पाय आठ. पुन्हा एखाद्या लहान प्राण्याला चिकटतं, पुन्हा गळतं, पुन्हा कात. मग तयार झालेली मोठी गोचीड झुडपाच्या टोकाला पुढचे पाय पसरून वाट बघत बसते. घोडा, गाय, हरीण किंवा माणूस जवळून गेला की पकडते. तीन वेळा जेवण, तीन वेगळे यजमान. हे चक्र पुरं व्हायला एक ते तीन वर्षं लागतात.

म्हणजे आयुष्याचा पहिला सगळा भाग लहान सस्तन प्राण्यांच्या अंगावर. पश्चिम काठाला झाडं तोडून झुडपं माजली होती, त्यात हे प्राणी आणि गोचिडी दोन्ही मुबलक. रिकेट्स यांनी हे वेगवेगळे रानटी प्राणी पिंजऱ्यात आणून पाहिले. बिळातल्या खारींना, पट्टेवाल्या खारींना हा संसर्ग होतो असं त्यांना दिसलं. मग एका अवस्थेत शिरलेला जंतू कात टाकल्यावर टिकतो का हे बघितलं. टिकतो. नर गोचीड रोग देते का? देते. आणि शेवटी रोगट मादीने घातलेली अंडी उबवून, त्यातून निघालेल्या पिढीकडून गिनीपिगला रोग होतो का हे तपासलं. काहींपासून झाला!

इथे थांबून विचार करा. त्या पिढीने कुठल्याही आजारी प्राण्याचं रक्त प्यायलेलं नव्हतं. जंतू आईकडून अंड्यात आला होता. म्हणजे या रोगाचं खरं घर माणूस नव्हेच. गोचीड आणि तिचे छोटे यजमान यांच्यात तो वर्षानुवर्षं फिरत असतो, माणूस मधे पाय टाकतो आणि मरतो.

यातून उपायही निघाला. रानातल्या सगळ्या खारी-उंदीर मारणं शक्य नाही, पण मोठ्या गोचिडीचं जेवण म्हणजे गुरं-घोडी. ती गोचीडमुक्त ठेवली तर अंडीच कमी पडतील. पुढे गुरांना औषधाच्या हौदातून काढण्याची मोहीम याच विचारातून झाली.

न ठेवलेलं नाव

१९०९ पर्यंत सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना रुग्णांच्या आणि गिनीपिगांच्या रक्तात अगदी बारीक जंतू दिसू लागले होते. रोगट गोचिडीच्या अंड्यांत तर ते खच्चून भरलेले. बरं झालेल्या गिनीपिगच्या रक्तद्रवात हे अंड्यांतले जंतू मिसळले की त्यांच्या गुठळ्या होत. पुरावा भक्कम होता. तरी हाच रोगाचा जंतू, असं त्यांनी ठणकावून सांगितलं नाही. त्यांनी जो लेख छापला त्याच्या मथळ्यातच, तसं दिसतं एवढाच दावा करणारा शब्द घातला. जंतूला नावही दिलं नाही.

कारण? त्या काळचा नियम होता की जंतू वेगळा काढून काचपात्रात वाढवायचा, त्यापासून पुन्हा रोग करून दाखवायचा, तरच तो सिद्ध. रिकेट्स यांनी खूप खटपट केली, हा जंतू काचपात्रात वाढेना. आज आपल्याला कारण माहीत आहे : हे जंतू फक्त जिवंत पेशीच्या आत वाढतात. निर्जीव खाद्यावर ते कधीच वाढले नसते. रिकेट्स यांना हे कळायला मार्ग नव्हता. आधीच्या संशोधकांची घाईने फसगत झालेली त्यांनी पाहिली होती, म्हणून जेवढं हातात आहे तेवढंच ते बोलले. मला स्वतःला त्यांच्या चरित्रातली ही जागा फार आवडते.

मेक्सिको

१९०९ मध्ये पुढच्या कामासाठी राज्याकडून यायचा पैसा वेळेवर मिळाला नाही. काम अडलं. तेव्हा मेक्सिको शहरात 'ताबार्दियो' नावाच्या तापाने माणसं मरत होती. हा म्हणजे टायफस. अंगावर पुरळ, जोराचा ताप, ठिपक्यांच्या तापाशी बरंच साम्य. हे दोन रोग एकच आहेत की वेगळे, हे बघायला रिकेट्स वर्षाच्या अखेरीस तिकडे गेले. बरोबर रसेल वाइल्डर हा तरुण विद्यार्थी होता.

काही महिन्यांत त्यांनी पुष्कळ काम केलं. टायफस कपड्यांतल्या उवांमधून पसरतो हे फ्रेंच शास्त्रज्ञ निकोल यांनी ट्युनिसमध्ये १९०९ ला दाखवलं होतं, रिकेट्स आणि वाइल्डर यांना मेक्सिकोत तेच आढळलं. एका रोगातून बरं झालेल्या जनावराला दुसरा रोग होऊ शकतो, म्हणजे दोन्ही वेगळे, हेही ठरलं. रुग्णांच्या रक्तात आणि उवांच्या पोटात पुन्हा तसेच बारीक जंतू दिसले.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापकपद ठरलं होतं, तिकडे रुजू व्हायचं होतं. त्याआधीच त्यांना टायफसने गाठलं. ३ मे १९१० रोजी मेक्सिको शहरात त्यांचं निधन झालं. वय अवघं ३९. मागे पत्नी मायरा, एक मुलगा, एक मुलगी. मेक्सिकोने त्यांचा सन्मान केला, ते काम करत होते त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं.

अशा ठिकाणी आपण शिक्षक लगेच विज्ञानासाठी प्राण दिले असं वाक्य टाकतो. मला ते थोडं खटकतं. त्यांना मरायचं नव्हतं, नवी नोकरी करायची होती. तेव्हा औषध नव्हतं आणि एका उवेने घात केला, इतकं ते साधं आणि वाईट होतं. बिटररूटमध्येही गोचिडींविरुद्धच्या मोहिमेवर असलेले डॉ. मॅक्लिंटिक १९१२ मध्ये ठिपक्यांच्या तापानेच गेले.

नाव कुठे कुठे पोचलं

१९१६ मध्ये ब्राझीलचे संशोधक दा रोशा लिमा यांनी टायफसच्या जंतूचं वर्णन केलं आणि त्याला नाव दिलं रिकेट्सिया प्रोवाझेकी. पहिला शब्द रिकेट्स यांच्यासाठी, दुसरा फॉन प्रोवाझेक यांच्यासाठी. तेही टायफसवर काम करताना १९१५ मध्ये टायफसनेच वारले होते. ठिपक्यांच्या तापाचा जंतू नंतर रिकेट्सिया रिकेट्सी म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्याला नाव द्यायचं रिकेट्स यांनी टाळलं, त्याला त्यांचंच नाव दोनदा लागलं. मायरा यांनी दिलेल्या देणगीतून शिकागो विद्यापीठात १९१२ पासून विद्यार्थी-संशोधकांना त्यांच्या नावाचं पारितोषिक दिलं जाऊ लागलं.

मग उंदरांवरच्या बारीक किड्यांचीही उकल होत गेली. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका वसाहतीतल्या लोकांना ताप आणि कांजिण्यांसारखे फोड येऊ लागले. शोध घेतला तर इमारतीतल्या घरउंदरांवरचे रक्तपिते किडे रोग आणत होते. त्या जंतूचं नाव रिकेट्सिया अकारी. यातला अकारी म्हणजे गोचिडी-किड्यांचं हे कुळच.

स्क्रब टायफसचा जंतू जपानमध्ये अभ्यासला गेला. बरीच वर्षं तोही रिकेट्सिया गटात होता, १९९५ मध्ये त्याचा वेगळा गट केला, ओरिएन्शिया. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेश आघाडीवर या तापाने सैनिक आजारी पडत. तो देणारा किडा म्हणजे चिगर. नारिंगी-लालसर, सहा पायांचं पिल्लू, मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं. ते उंदीर, घूस, चिचुंद्री यांच्या कानात दाटीवाटीने बसलेलं असतं. गंमत अशी की चिगर आयुष्यात प्राण्याच्या अंगावर एकदाच चढतं, याच पिल्लाच्या अवस्थेत. नंतर मोठं होऊन मातीत राहतं आणि बारीक किड्यांची अंडी खातं, कुणाला चावत नाही. मग एकदाच चावणाऱ्या पिल्लाकडे रोग येतो कुठून? आईकडून, अंड्यातून. रिकेट्स यांनी गोचिडीत जे पाहिलं तेच इथे, फक्त गोचिडीत ती एक वाट होती आणि चिगरमध्ये तीच मुख्य वाट आहे.

१९४८ मध्ये मलायात क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाने स्क्रब टायफसचे रुग्ण बरे होतात असं दिसलं. आज डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लिन देतात आणि वेळेवर दिलं तर दोन-तीन दिवसांत ताप उतरू लागतो. अडचण असते ती ओळखण्याची, कारण सुरुवातीला हा ताप डेंग्यू-मलेरियासारखाच दिसतो. चावल्याच्या जागी पुष्कळदा सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, खाजतही नाही, आणि काखेत, जांघेत, गुडघ्याच्या मागे, चड्डीच्या नाडीखाली लपलेली असते, म्हणून मूल सांगत नाही. पाऊस संपता संपता गवतात-शेतात खेळलेल्या मुलाला ताप आला तर आंघोळ घालताना या जागा बघाव्यात, आणि खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवावी.